दिसला, आला, घुसला : लडाखच्या दिव्यांच्या चौकशीचे एक वाचन

कविता वाचताना एकेका क्रियापदापाशी थांबणारा वाचकही सीमेवरच्या घडामोडींचे वृत्त भरभर वाचून पान उलटतो. वृत्तातून त्याला माहिती हवी असते, भाषा नव्हे. त्यात गैर काही नाही. पण काही वृत्ते अशी असतात, की त्यांतला सगळा घोटाळा क्रियापदातच दडलेला असतो. २०१२च्या पावसाळ्यापासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात भारतीय जवानांना रात्रीच्या आकाशात पिवळसर दिवे दिसत राहिले. लष्कराने त्यांची चौकशी केली. त्या चौकशीविषयी जो मजकूर प्रसिद्ध झाला, तो या प्रकारचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आहे.

लोकांच्या आठवणीत या प्रकरणाच्या दोन आवृत्त्या आहेत. २०१२च्या अखेरीची आवृत्ती म्हणते, की लडाखच्या आकाशात उडत्या तबकड्या आल्या आणि लष्कर चक्रावले. २०१३च्या जुलैमधली आवृत्ती म्हणते, की आपल्या लष्कराने गुरू आणि शुक्र यांना चिनी ड्रोन समजून सहा महिने त्यांच्यावर पहारा ठेवला. पहिलीने वाचक थरारला, दुसरीने हसला. माझे म्हणणे असे आहे, की दोन्ही आवृत्त्यांनी एकाच माणसावर अन्याय केला. तो माणूस म्हणजे हाडे गोठवणाऱ्या थंडीत चौकीवर उभे राहून दिव्याची वेळ आणि दिशा टिपणारा जवान. या प्रकरणातला सर्वांत भरवशाचा मजकूर त्याचाच होता. बिघाड झाला तो त्याच्या नोंदीवर एकेक पायरी चढत गेलेल्या शब्दांत. म्हणूनच या प्रकरणाकडे खगोलशास्त्राइतकेच समीक्षेनेही पाहायला हवे, असे मला वाटते.

पहिला मजकूर : २०१२

नोव्हेंबर २०१२मध्ये ‘इंडिया टुडे’ने दिलेले वृत्त पुढच्या बहुतेक लेखनाचा पाया ठरले. त्यातला तपशील असा : पँगाँगजवळ ठाकुंग येथे असलेल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या तुकडीने १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात असे शंभरहून अधिक दिवे पाहिल्याचे कळवले. पिवळसर गोळे चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, तीन ते पाच तास आकाशात सावकाश सरकत आणि मग दिसेनासे होत. कागदोपत्री त्यांना ‘अज्ञात प्रकाशमान वस्तू’ असे नाव मिळाले. सप्टेंबरमध्ये लष्कराने सरोवराजवळच्या एका डोंगरमाथ्यावर फिरते रडार आणि रेडिओ लहरी टिपणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेऊन बसवला. डोळ्यांना दिवा दिसत असताना रडारवर काहीच उमटेना. दिव्याकडून कोणताही रेडिओ संदेश निघत असल्याचे आढळेना. शेवटी त्याच्या दिशेने टेहळणीचे ड्रोन पाठवले गेले. ते आपल्या कमाल उंचीपर्यंत पोचले, पण दिवा काही त्याच्या हाती लागला नाही.

इथवरचा मजकूर निर्दोष आहे. तीन उपाय झाले, तिन्हींचे निष्कर्ष लिहिले गेले. गडबड पुढच्या वाक्यात होते. रडारला काही दिसले नाही, त्याअर्थी ती वस्तू धातूची नसावी, असा अर्थ लावला गेला. रडार गप्प राहण्याची कारणे अनेक असू शकतात. वस्तू धातूची नसेल, फार लहान असेल, किंवा रडारच्या टप्प्याच्या बाहेर असेल. यांतले पहिले कारण निवडले गेले, कारण ‘वस्तू’ हा शब्द आधीच वापरून झाला होता आणि ती इथेच कुठेतरी आहे हे गृहीत धरले गेले होते. एकदा वस्तू जवळ आहे असे मानले, की तिच्याविषयी विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो : ती कशाची बनलेली आहे?

आता ते तिन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचा. रडारचा प्रतिध्वनी नाही. रेडिओ संदेश नाही. जवळ जाऊ पाहिले तरी जवळीक होत नाही. कोऱ्या मनाने वाचणाऱ्याला तिन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात : हा प्रकाश फार, फार लांबून येतो आहे. उपकरणे नापास झाली नव्हती. त्यांनी अचूक उत्तर दिले होते, आणि त्या उत्तराचे वाचन चुकले.

त्याच वृत्तात आणखी एक विधान आहे. सप्टेंबरच्या अखेरीस हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेतल्या संशोधकांनी तीन दिवस हे दिवे पाहिले आणि ते खगोलीय नाहीत असे सांगितले, ग्रह आणि उल्का ही शक्यता फेटाळली, असे त्यात म्हटले आहे. पण हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे? संशोधकांच्या नव्हे. संशोधकांचे मत म्हणून लष्करी अधिकारी ते सांगतात, आणि वार्ताहर ते आपल्यापर्यंत आणतो. ‘तो म्हणाला की ते म्हणाले’ अशा दुपदरी वाक्याला किती वजन द्यायचे, हे कोर्टातला नवखा वकीलही जाणतो. बातमीत मात्र ते शास्त्रज्ञांचा निर्वाळा म्हणून उभे राहिले.

त्याच सुमारास तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला लेखी उत्तरात सांगितले, की सीमेवर अशा अज्ञात उडत्या वस्तू दिसल्याचा निर्णायक पुरावा नाही. उत्तर सावध आहे, पण तेही धूसरच. निर्णायक पुरावा कशाचा नाही? जवानांना प्रकाश दिसला याचा तर भरपूर पुरावा होता. नव्हता तो ‘उडती’ आणि ‘वस्तू’ या दोन शब्दांचा. एवढे तोडून सांगितले असते, तर निम्मे गूढ तिथेच संपले असते.

तीन क्रियापदे

मराठीत आपण ‘मला दिवा दिसला’ असे म्हणतो. या वाक्यात पाहणारा ‘मला’ होऊन बाजूला सरकतो आणि क्रियापद दिव्याच्या अंगाने चालते. पाहणाऱ्याने काही केले असा दावा त्यात नाही. दिव्यानेही दिसण्यापलीकडे काही केले असा दावा नाही. साक्षीदाराच्या जबानीसाठी याहून प्रामाणिक क्रियापद सापडणे कठीण.

‘दिवा आला’ म्हटले, की त्यात हालचाल शिरते. कोठून तरी आला, कोठे तरी पोचला. ‘दिवा घुसला’ म्हटले, की त्यात हद्द शिरते, हेतू शिरतो आणि पाठवणाराही शिरतो. दिसला, आला, घुसला या तीन पायऱ्यांवर प्रत्येक वेळी एकेक गृहीतक वाढते. मात्र वाचताना ती वाढ जाणवत नाही, कारण वाक्य तेवढ्याच लांबीचे राहते.

लडाखच्या प्रकरणात ही चढण आकड्यांत दिसते. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार फेब्रुवारीपर्यंत जवानांनी ३२९ वेळा हे दिवे पाहिल्याची नोंद केली होती. त्यांतल्या १५५ वेळा त्यांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचे म्हटले गेले. पहिला आकडा ‘दिसला’चा आहे आणि तो खरा मानायला काहीच हरकत नाही. दुसरा ‘घुसला’चा आहे. एखाद्या दिव्याने जमिनीवरची रेषा ओलांडली असे म्हणायचे, तर तो आपल्यापासून किती अंतरावर आहे हे कळले पाहिजे. डोळ्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणजे १५५ ही संख्या कोणी मोजलेली नव्हती. दिशेला जागा समजल्यामुळे ती तयार झाली.

अंतर कळण्याचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. एकमेकींपासून दहा किलोमीटरवर असलेल्या दोन चौक्यांनी ठरलेल्या क्षणी एकाच दिव्याची दिशा मोजावी. दिवा एका चौकीच्या अगदी समोर वीस किलोमीटरवर असेल, तर दोघींच्या मापांत पंचवीस अंशांहून अधिक फरक पडेल. तो ग्रह असेल, तर काहीच फरक पडणार नाही. होकायंत्र, घड्याळ आणि चौक्यांना जोडणारा बिनतारी संच एवढ्यावर हे काम होते. यातले काहीच सैन्याला दुर्मीळ नाही.

घाटमाथ्यावरून

अंतराविषयीची ही अडचण समजायला लडाखला जाण्याची गरज नाही. मी खंडाळ्यात राहतो. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरींच्या आसपास, राजमाचीच्या रानात काजवे पेटतात. अशा रात्री राजमाची पॉइंटच्या कठड्याशी उभे राहून दरीच्या काळोखात पाहिले, की एक ठिपका उजळतो. तो दहा फुटांवरच्या झुडपातला काजवा असू शकतो. पलीकडे श्रीवर्धनच्या बालेकिल्ल्यावर चढलेल्या एखाद्या गिर्यारोहकाची विजेरी असू शकते. मुंबईकडे उतरणाऱ्या विमानाचा दिवा असू शकतो. तिन्ही ठिपके डोळ्याला सारखेच. काजवा उघडझाप करतो आणि विमान सरकते, म्हणून आपण त्यांना ओळखतो. सगळी ओळख हालचालीवरून आणि वेळेवरून पटते, तेजावरून कधीच नाही.

काळोखात एकाच स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिले, तर थोड्या वेळाने तोही हलल्यासारखा वाटतो. हा डोळ्यांचा स्वभाव आहे आणि मानसशास्त्रात त्याचा भरपूर अभ्यास झालेला आहे. आजूबाजूला तुलनेला घराची कड, झाडाची फांदी, काही नसले, की हा भास वाढतो. पँगाँगच्या काठी झाडे नाहीत आणि दिवेही नाहीत.

मार्च २०१२मध्ये गुरू आणि शुक्र संध्याकाळी पश्चिमेला एकमेकांपासून जेमतेम तीन अंशांवर आले होते. महाराष्ट्रात ज्याने ज्याने मान वर केली, त्याला ती जोडी दिसली. खोपोलीकडच्या धुरकट क्षितिजावर उतरताना दोघे तांबूस होत आणि थरथरत. कणसाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या पर्यटकांत ‘ते हेलिकॉप्टर एवढा वेळ एकाच जागी कसे थांबले?’ अशी चर्चा मी कानांनी ऐकली आहे. शहरात वाढलेल्या माणसाला शुक्राची चांदणी अनोळखी झाली आहे. पिढ्यान् पिढ्या तिच्या उगवण्यावर पहाटेची कामे सुरू करणाऱ्या समाजातली ही गोष्ट आहे. जवानही याच समाजातून भरती होतो. त्याला विमाने, तोफा आणि रडार ओळखायला शिकवतात. आकाश शिकवायचे राहून जाते.

दुसरा मजकूर : २०१३

घाटावरून दिसलेली हीच जोडी त्या वर्षीच्या पावसाळ्यात सूर्याच्या पलीकडच्या बाजूला, पहाटेच्या पूर्व आकाशात गेली. जुलै २०१३मध्ये कोलकात्याच्या ‘द टेलिग्राफ’ने वृत्त दिले, की बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने लडाखच्या दिव्यांची ओळख पटवली आहे. ते दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र. संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी आपल्याकडे सोपवलेले काम नेमक्या शब्दांत मांडले होते : या वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरच्या, एवढेच ठरवायचे होते. विमान कोणाचे, कशाचे, कशासाठी, हे प्रश्न त्यांनी घेतलेच नाहीत. बोलणाऱ्याचे नाव आहे आणि प्रश्नाची सीमा आहे. आधीच्या वर्षीच्या बातमीत नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव होती.

पण हे उत्तर जुन्या नोंदींना लागू पडते का, हे वाचकाने स्वतः तपासून पाहायला हवे. त्यासाठी लागणारे गणित पंचांग जवळ असलेल्या कोणालाही जमेल. ऑगस्ट २०१२मध्ये गुरू वृषभ राशीत होता आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे उगवत होता. सूर्योदयापर्यंत तो चार-पाच तास दिसे. शुक्र १५ ऑगस्टला सूर्यापासून आपल्या कमाल अंतरावर, सुमारे ४६ अंशांवर होता आणि सूर्याच्या तीन तासांहून थोडा आधी उगवे. ठाकुंगच्या तुकडीने कळवलेला कालावधी तीन ते पाच तासांचा होता. दोन्ही ग्रह ईशान्येकडे झुकलेल्या पूर्वेला उगवत होते आणि तिथून पूर्वेला चीनच्या ताब्यातला प्रदेश आहे. गुरूचा रंग पिवळसर. चार हजार मीटरहून अधिक उंचीवरची हवा विरळ आणि कोरडी असते, त्यामुळे दोघांचेही तेज सपाटीवरच्या माणसाच्या सवयीपेक्षा जास्त. जवानाने लिहिलेला जवळजवळ प्रत्येक तपशील बरोबर निघतो. त्याला फक्त दिव्याचे नाव माहीत नव्हते.

याच गणितातून एक कसोटीही मिळते. तारे आणि त्यांच्यामागोमाग दूरचे ग्रह दररोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. ऑगस्टच्या आरंभी रात्री एकच्या सुमारास उगवणारा गुरू ऑक्टोबरच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास वर येऊ लागला आणि ३ डिसेंबरला, सूर्याच्या समोर आल्यावर, सूर्यास्तालाच. हेरगिरीचे ड्रोन कितीही शिस्तीचे असले, तरी ते दर रात्री चार-चार मिनिटे अलीकडे सरकत येणार नाही. वेळांचा एक रकाना लावून वरून खाली वाचला असता, तर ही सरकती वेळ हानलेला न जाता चौकीतच लक्षात आली असती. नोंदी होत्या. त्या ओळीने वाचल्या गेल्या, रकान्याने वाचल्या गेल्या नाहीत.

आता दुसऱ्या मजकुराचा दोष. बीबीसीसह जगभरच्या माध्यमांनी ही बातमी उचलली ती विनोद म्हणून. सैनिकाने ग्रहाला शत्रू समजावे, यात हसू येण्यासारखे आहेच. पण ज्या काळात हे घडत होते, तो काळ विसरून हे हसू येते. एप्रिल २०१३मध्ये देपसांगच्या पठारावर चिनी तुकडीने तंबू ठोकले आणि मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. अशा वेळी ‘१५५ वेळा रेषा ओलांडली’ हा आकडा कुणाच्या तरी टेबलावर असणे ही हसण्याची बाब नाही. तो आकडा पुराव्याच्या थाटात एखाद्या वाटाघाटीत मांडला गेला असता, तर त्याचा प्रतिवाद करायला समोरच्यांना एक पंचांग पुरले असते. आणि मग खऱ्या घुसखोरीच्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

शुक्र हे सोपे उत्तर

यावरून आकाशातल्या प्रत्येक दिव्याला शुक्र म्हणून मोकळे व्हावे, असे कोणाला वाटेल. त्यासाठी अमेरिकी हवाई दलाच्या अनुभवाकडे पाहायला हवे. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात कॅप्टन टॉमस मँटेल हा वैमानिक आकाशातल्या एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करत प्राणवायूच्या सोयीविना फार उंच गेला. त्याचे विमान कोसळले आणि तो मरण पावला. हवाई दलाने पुढे आणलेले उत्तर होते शुक्र. ग्रह त्या वेळी साधारण त्याच दिशेला होता खरा. पण भर दिवसाच्या उजेडात तो इतका ठळक दिसण्याजोगा नव्हता.

ब्लू बुक या चौकशी प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले एडवर्ड रुपेल्ट यांनी १९५६मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हे प्रकरण पुन्हा उघडले. शुक्राचे उत्तर देण्यात सल्लागार म्हणून सहभागी असलेल्या खगोलशास्त्रज्ञ हायनेक यांना त्यांनी परत विचारले, उत्तरातली ढिलाई दाखवली आणि नौदलाच्या तेव्हा गुप्त असलेल्या स्कायहुक या अजस्र फुग्यांकडे बोट दाखवले. आज तेच स्पष्टीकरण सामान्यतः मानले जाते. रुपेल्ट यांचे पुस्तक मला या विषयावरचे सर्वांत वाचनीय वाटते, कारण आपल्याच खात्याच्या वाक्यांवर त्यात शंका घेतलेली आहे. लडाखला शुक्र हे उत्तर बरोबर ठरते आणि केंटकीला चूक. फरक ग्रहात नाही. एका ठिकाणी उत्तर नोंदींच्या प्रत्येक तपशिलाशी जुळते, दुसऱ्या ठिकाणी ते फाइल बंद करण्यासाठी चिकटवलेले होते.

याच्या उलट टोकाला १९६९चा कॉन्डन अहवाल आहे. हवाई दलाच्या पैशाने कोलोराडो विद्यापीठात झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष पुस्तकाच्या आरंभीच दिले आहेत : या विषयातून विज्ञानाच्या हाती काही लागलेले नाही आणि पुढेही लागण्याचा संभव नाही. मागच्या शेकडो पानांत तपासलेल्या प्रकरणांपैकी बरीच मात्र अनुत्तरित राहिलेली दिसतात. निष्कर्ष कदाचित योग्यही असेल. पण सारांश आणि मूळ मजकूर यांचे सूर जुळत नाहीत, आणि बहुतेकांनी सारांशच वाचला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्लू बुक बंद झाले. त्याच्या दप्तरात १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यांतल्या ७०१ अखेरपर्यंत ‘अज्ञात’ राहिल्या. या ७०१ म्हणजे परग्रहवासी नव्हेत. मिळालेल्या माहितीवरून ठरवता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘अज्ञात’ हा शब्द लिहून थांबण्याचे धैर्य मला १५५ या ठाम आकड्यापेक्षा मोलाचे वाटते.

शब्दांची करणी किती लांब जाते, हेही अमेरिकेतच पाहायला मिळते. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या खासगी वैमानिकाला माउंट रेनिअर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असे त्याने सांगितले. ते वर्णन गतीचे होते. वृत्तपत्रांनी त्यातला आकार उचलला आणि जगाला उडत्या बश्या दिसू लागल्या. मराठीने बशीची तबकडी केली, आणि गाण्याची तबकडी घरोघरी ओळखीची असलेल्या त्या काळात शब्द झटकन रुळला. वस्तूचा आकार एका उपमेतून आला, उपमा एका क्रियापदाची होती, आणि त्या क्रियापदाचा आज कोणालाच पत्ता नाही. लडाखच्या कागदांतला ‘अज्ञात प्रकाशमान वस्तू’ हा शब्दप्रयोग त्या मानाने पुष्कळ संयमी होता. बातमीच्या मथळ्यांनी त्याला पुन्हा तबकडीत बसवले.

गुढीपाडव्याची रात्र

आपल्या राज्यात असा प्रसंग अलीकडेच घडला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या आणि लगतच्या मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशात जळत्या ठिपक्यांची रांग सरकताना पाहिली. उल्का, उपग्रह, क्षेपणास्त्र, विमान, अशी सगळी नावे तासाभरात फिरली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले, परिसरात गोलकही मिळाले. पोलिसांनी ते ताब्यात घेतले आणि इस्रोच्या तज्ज्ञांनी येऊन पाहणी केली. फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग ३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा वातावरणात परतताना फुटला असावा, असा निष्कर्ष अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी कक्षेच्या गणितावरून काढला.

इथेही लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींनी नाव नसताना जे दाखवले, ते नेमके होते. उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरहून अधिक वेगाने येते आणि बहुधा क्षणार्धात विझते. हे ठिपके सावकाश, एकमेकांना समांतर आणि जवळजवळ आडवे जात होते. कक्षेतून घसरणारे अवशेष असेच जातात. विदर्भाच्या बाबतीत जमिनीवर कडे सापडले, म्हणून नावाचा निकाल दोन-तीन दिवसांत लागला. लडाखला असे काही पडणार नव्हते. तिथे हाती होत्या त्या फक्त नोंदी, म्हणून त्या वाचणे अधिक महत्त्वाचे होते.

नोंदवही

काही वाचक म्हणतील, की एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा अशा दिव्यांकडे दुर्लक्षच केलेले बरे. तेही परवडणारे नाही. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर एका परदेशी विमानाने शस्त्रे टाकली आणि ते निघून गेले. काही दिवसांनी तेच विमान परतीच्या वाटेवर मुंबईत उतरवावे लागले. १९ नोव्हेंबर २०२३ला इंफाळ विमानतळावरून आकाशात काहीतरी दिसल्याचे कळताच तिथली वाहतूक काही तास थांबवण्यात आली आणि हवाई दलाने राफेल विमाने पाठवली. त्यांना काही आढळले नाही, पण पाठवली हे योग्यच झाले. ड्रोन आता खरेच येतात. म्हणून पाहणाऱ्याने पाहत राहिले पाहिजे आणि त्याला दिसले ते लिहिण्याची लाज वाटता कामा नये. २०१३च्या हशानंतर एखाद्या चौकीवरच्या जवानाने ‘उगाच कशाला हसे करून घ्या’ म्हणून एखादी नोंद टाळली असेल, तर त्या हशाची किंमत सीमेने मोजली असे म्हणावे लागेल.

समीक्षक म्हणून मला सुचतो तो उपाय साधा आहे. अहवालात ‘दिसला’ आणि ‘आला’ यांचे रकाने वेगळे असावेत. पहिल्या रकान्यात वेळ, होकायंत्रावरची दिशा, क्षितिजापासूनची उंची, रंग आणि किती वेळ दिसला एवढेच. तो रकाना पाहणाऱ्याचा, आणि त्यात वरच्या कोणीही बदल करू नये. दुसरा रकाना अर्थ लावणाऱ्याचा. तिथे अर्थ लावणाऱ्याने आपले नाव लिहावे आणि शेजारी दुसरी शक्यताही लिहावी.

आणि एक मागणी आहे. त्या ३२९ नोंदींमधली ठिकाणांची गुप्त माहिती गाळून फक्त तारखा, वेळा आणि दिशा प्रसिद्ध कराव्यात. इतक्या वर्षांनंतर त्यात कोणतेही लष्करी रहस्य उरलेले नसणार. पंचांग घेऊन बसणारा कोणीही हौशी आकाशनिरीक्षक दोन-चार रात्रींत त्यांतल्या गुरूच्या नोंदी वेगळ्या काढील आणि शुक्राच्या वेगळ्या. काही नोंदी दोन्हींत बसल्या नाहीत, तर त्या तशाच बाजूला ठेवाव्यात. गोठलेल्या बोटांनी ज्याने त्या लिहिल्या, त्याचे म्हणणे एकदा तरी त्याच्याच शब्दांत वाचले जावे.